भाताचे हंगाम आणि बाळाचे महिने



‘विकास’ हा शब्द अर्थशास्त्रात वापरला जातो, तसाच तो बालरोगशास्त्रातही वापरला जातो. अर्थतज्ज्ञ विकास मोजतात तो दरडोई उत्पन्नाने, सिंचनाखालील क्षेत्राने किंवा मानव विकास निर्देशांकाने. बालरोगतज्ज्ञांचे प्रश्न मात्र अगदी साधे असतात. बाळ आईकडे पाहून हसते का, मान धरते का, आधाराशिवाय बसते का, पहिला शब्द कधी बोलले? या दोन विकासांचा एकमेकांशी निकटचा संबंध आहे. परीक्षेच्या अभ्यासात मात्र हा विषय योजनांची नावे आणि त्यांची वर्षे एवढ्यावरच आटोपतो. तो मुळापासून समजून घ्यायचा असेल, तर तामिळनाडूतील कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाकडे, विशेषतः तंजावर जिल्ह्यातील गावांकडे पाहणे उपयुक्त ठरते.

तंजावर मराठी वाचकाला परके नाही. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तेथे स्थापन केलेली मराठी सत्ता १८५५ पर्यंत टिकली. सरफोजीराजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांचे नाव सरस्वती महाल ग्रंथालयामुळे सर्वांना ठाऊक असते. त्यांच्या कारकिर्दीतील आणखी एक कागद बालविकासाच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावा असा आहे. राज्यातील छत्रांचे, म्हणजे रामेश्वराच्या वाटेवरील यात्रेकरूंसाठी असलेल्या धर्मशाळांचे, काम कसे चालते याचे निवेदन त्यांनी १८०१ साली कंपनी सरकारच्या अधिकाऱ्यांकडे पाठवले होते. छत्रात अर्भकांसाठी दुधाची सोय असे, गर्भवतींची शुश्रूषा होई, प्रसूती तेथेच झाल्यास तिचा खर्च व औषधे दिली जात आणि बाळंतिणीला पुढे तीन महिने राहण्याची मुभा असे, असे त्यात नमूद आहे. दोनशे वर्षांपूर्वी एका राज्याने बाळंतिणीच्या वेळेची किंमत ओळखली होती. मात्र ही सोय वाटसरूंसाठी होती. त्याच प्रदेशातील भातशेतीत बांधील मजूर म्हणून राबणाऱ्या कुटुंबांतील बाळंतिणीला अशी तीन महिन्यांची मोकळीक होती, असे म्हणवत नाही.

कोठार भरलेले, रक्त मात्र फिके

२०११ च्या जनगणनेनुसार तंजावर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २४ लाख असून दर हजार पुरुषांमागे १०३५ स्त्रिया आहेत. एकेकाळच्या विशाल तंजावर जिल्ह्यातून १९९१ मध्ये नागपट्टिनम वेगळा झाला आणि पुढे तिरुवारूर व मयिलादुतुरै हे जिल्हे अस्तित्वात आले. हा सारा भाग तामिळनाडूचे भाताचे कोठार समजला जातो. २०२० साली राज्याने कायदा करून त्रिभुज प्रदेशाला संरक्षित विशेष कृषी क्षेत्राचा दर्जा दिला.

तामिळनाडूची सार्वजनिक आरोग्यव्यवस्था देशात अग्रेसर मानली जाते आणि ते आकड्यांवरूनही दिसते. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० साली राज्याचा बालमृत्यूदर हजारी १३ होता. त्या वेळी महाराष्ट्राचा दर १६ व देशाचा २८ होता. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तामिळनाडूतील पाच वर्षांखालील २५ टक्के मुले वयाच्या मानाने बुटकी आढळली. महाराष्ट्रात हेच प्रमाण ३५.२ टक्के होते. परंतु याच पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांमधील रक्तक्षयाचे प्रमाण तामिळनाडूत ५७.४ टक्के निघाले. आधीच्या पाहणीत ते ५०.७ टक्के होते. मुले जगू लागली, त्यांची उंचीही काहीशी सुधारली, पण निम्म्याहून अधिक मुलांमध्ये रक्तक्षय राहिला. हे आकडे संपूर्ण राज्याचे आहेत. त्रिभुज प्रदेशातही पोटभर भात म्हणजे पुरेसे लोह नव्हे, कारण सडलेल्या, पांढऱ्याशुभ्र तांदळात लोह फारच थोडे असते.

लोहाचा प्रश्न केवळ अशक्तपणाचा नाही. पहिल्या दोन वर्षांत मेंदूची वाढ अत्यंत वेगाने होते आणि त्यासाठी लोह लागते. कोस्टारिकात बेट्सी लोझॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्भकावस्थेत तीव्र व दीर्घकाळ लोहाची कमतरता असलेल्या मुलांचा अनेक वर्षे मागोवा घेतला. उपचाराने रक्त सुधारले, तरी ही मुले पुढे शालेय वयातही बौद्धिक चाचण्यांत मागे राहिलेली दिसली. रक्तातील उणीव भरून काढता येते, पण हातून गेलेले महिने तसे भरून येत नाहीत.

टप्पे कोणते आणि ते कसे वाचावेत

वाढ आणि विकास या दोन संज्ञा विद्यार्थी अनेकदा एकच समजतात. वाढ म्हणजे वजन, उंची, डोक्याचा घेर. सुमारे तीन किलोचे नवजात बाळ पाचव्या महिन्यापर्यंत दुप्पट आणि वर्षाच्या आसपास तिप्पट वजनाचे होते. विकास म्हणजे क्षमता. ती हालचालीची, हाताच्या कौशल्याची, भाषेची आणि माणसांशी नाते जोडण्याची असते. दोन महिन्यांच्या सुमारास बाळ ओळखीचे हसते, तीन-चार महिन्यांत मान धरते, मग पालथे पडते. वर्षाच्या सुमारास एखादा अर्थपूर्ण शब्द येतो आणि दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलते.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेल्या वाढमानकांसोबत हालचालींच्या सहा टप्प्यांची कालमर्यादाही दिली. त्यासाठी घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या देशांतील निरोगी मुलांचे निरीक्षण झाले होते. आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिन्यांच्या दरम्यान, रांगणे ५.२ ते १३.५ महिन्यांच्या दरम्यान आणि स्वतंत्र चालणे ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान. चालण्याच्या कालावधीची रुंदी पाहा. नऊ महिन्यांहून अधिक आहे. शेजारच्या घरचे बाळ दहाव्या महिन्यात चालले आणि आपले चौदाव्यात, तर त्यात काळजीचे काही नाही. शंभरापैकी सुमारे चार निरोगी मुले तर रांगलीच नाहीत. परंतु अठरा महिने उलटूनही मूल चालत नसेल, तीन महिन्यांनंतरही हसत नसेल, सोळा-अठरा महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द बोलत नसेल किंवा आधी येत असलेली गोष्ट विसरले असेल, तर ‘काही मुले उशिराच बोलतात’ असे म्हणून वाट पाहणे चुकीचे आहे.

भाषेच्या बाबतीत दक्षिण भारताला एका कारणाने अधिक सावध राहावे लागते. तामिळनाडूत चौथ्या हिश्श्याहून अधिक विवाह रक्ताच्या नात्यात होतात. मामाच्या मुलीशी लग्नाची रीत महाराष्ट्रातील अनेक समाजांतही आहेच. जन्मजात बहिरेपणाच्या कारणांत अशा विवाहांतून येणारे आनुवंशिक दोष महत्त्वाचे आहेत. बहिरे बाळही सुरुवातीला हुंकार देते, त्यामुळे घरच्यांच्या ते लक्षात येत नाही. पहिल्या महिन्यात श्रवणतपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपाय हा त्यासाठीचा मान्य क्रम आहे. बोलणे शिकण्याचा काळ निघून गेल्यावर मिळालेल्या श्रवणयंत्राचा उपयोग निम्मा उरतो.

पाणी येते तेव्हा

आता शेताकडे वळू. मेट्टूर धरण १९३४ साली पूर्ण झाले. परंपरेने १२ जूनला त्याचे दरवाजे उघडले जातात आणि करिकाल चोळाच्या नावाशी जोडलेल्या कल्लणै बंधाऱ्यावरून पाणी कालव्यांच्या जाळ्यात शिरते. जून-जुलैत पेरून सप्टेंबर-ऑक्टोबरात कापायचे ते कुरुवै पीक. ऑगस्टच्या सुमारास सुरू होऊन जानेवारीत हाती येते ते सांबा. कुरुवैनंतर त्याच जमिनीत घेतात ते ताळडी. पाणी उशिरा आले तर कुरुवैचे क्षेत्र घटते आणि सारा भार सांबावर येतो. रोपे उपटणे, लावणी आणि निंदणी ही कामे परंपरेने बायकांची. कोकणातील लावणी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वाकलेल्या पाठींची ती रांग वेगळी सांगायला नको.

या पार्श्वभूमीवर एप्रिलमध्ये जन्मलेल्या बाळाचे महिने मोजून पाहावेत. कुरुवैच्या लावणीला ते दोन-तीन महिन्यांचे असते, नुकते हसू लागलेले. सहा महिने पुरे होतात ते ऑक्टोबरात. त्याच सुमारास सांबा-ताळडीची लावणी जोरात असते आणि ईशान्य मोसमी पाऊसही सुरू होतो. बाळाला वरचे अन्न सुरू करण्याचा हाच महिना. आपल्याकडे ज्याला उष्टावण म्हणतात तो विधी एका दिवसाचा असतो, पण त्यानंतर सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा आणि नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा, थोडे थोडे, थांबून भरवावे लागते. आई पहाटे शेतावर गेलेली. घरी आजी किंवा थोरली बहीण. पातळ कांजी पाजली की बाळ शांत होते, परंतु पातळ कांजीने पोट भरते आणि ऊर्जा फारशी मिळत नाही. चमच्यातून ओघळणार नाही इतके घट्ट अन्न, त्यात डाळ, अंडे किंवा मासळी, वर तेलाचा थेंब, हे सारे भरवायला घरात जिन्नस लागतात, त्याहून अधिक निवांत वेळ लागतो. आणि लावणीच्या दिवसांत वेळ हीच सर्वांत महाग वस्तू असते.

जानेवारीत, कापणीच्या वेळी, हेच बाळ नऊ महिन्यांचे होते. गोवर-रुबेला लसीची पहिली मात्रा तेव्हाची. पुढच्या पावसापर्यंत ते चालू लागते, आणि कालवे, तळी, पाण्याने भरलेली खाचरे त्याच्या दारात असतात. बुडून होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण जगभर एक ते चार वर्षे वयाच्या मुलांत सर्वाधिक आढळते. मूल चालू लागणे हा विकासाचा टप्पा खरा, पण त्रिभुज प्रदेशात त्याच दिवसापासून एक नवा धोकाही सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटना यावरचा उपाय म्हणून सहा वर्षांखालील मुलांसाठी पाळणाघराची शिफारस करते, ती उगाच नव्हे.

नेहमीचे आजार

पावसाळ्यातील जुलाब हा नेहमीचा आजार. एक लिटर स्वच्छ पाण्यात क्षार-संजीवनीचे एक पाकीट आणि सोबत चौदा दिवस जस्ताची गोळी (सहा महिन्यांपर्यंत दहा, त्यापुढे वीस मिलिग्रॅम), हा उपचार स्वस्त व खात्रीचा आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी क्षार-साखरेच्या या द्रावणाची उपयुक्तता मोठ्या प्रमाणावर सिद्ध केली. जुलाबात अंगावरचे दूध तोडायचे नसते, हे मात्र अजून पुन्हा पुन्हा सांगावे लागते. वारंवार जुलाब होणाऱ्या बाळाच्या आतड्याची अन्न शोषण्याची शक्ती घटते. म्हणून कुपोषणाचा प्रश्न ताटाइतकाच पाण्याचा आणि शौचालयाचाही असतो.

न्यूमोनिया ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही, घड्याळ पुरते. दोन महिन्यांखालील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक असेल, तर तो धोक्याचा इशारा समजावा. श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, तर रुग्णालय गाठायचे.

घरगुती उपायांबद्दल थोडे. आपली बाळगुटी सहाणेवर उगाळतात, तसे तमिळ घरांत ‘उरै मरुंदु’ उगाळून चाटवतात. दोन्हींमागे माया आहे. परंतु पहिल्या सहा महिन्यांत आईच्या दुधाखेरीज काहीही, पाणीसुद्धा, देऊ नये हा सल्ला दोन्हींना लागू होतो. सहाणेवरून जंतू पोटात जायला वेळ लागत नाही.

जंत आणि लोह यांचे कार्यक्रम आहेत. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी, तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे औषध. औषध स्वस्त आहे. आठवड्यातून दोनदा ते आठवणीने पाजणारे कोणी घरात हवे, इतकेच.

वजनाचा काटा आणि रिकामे रकाने

तामिळनाडूने या वयाकडे फार पूर्वी लक्ष दिले. १९८० मध्ये जागतिक बँकेच्या साह्याने सुरू झालेल्या तामिळनाडू एकात्मिक पोषण प्रकल्पात सहा ते छत्तीस महिन्यांच्या मुलांचे दरमहा वजन घेतले जाई. ज्यांचे वजन अपेक्षेप्रमाणे वाढत नसे त्यांनाच किमान ९० दिवस पूरक आहार दिला जाई आणि वजन सुधारले की तो थांबवला जाई. सर्वांना सरसकट वाटप न करता घसरण सुरू होताच गाठायचे, ही त्यामागची कल्पना होती. या प्रकल्पाचा उल्लेख परीक्षेत क्वचितच विचारला जातो. १ जुलै १९८२ रोजी मुख्यमंत्री एम. जी. रामचंद्रन यांनी सुरू केलेली पौष्टिक आहार योजना सर्वांना माहीत असते. पहिली योजना बाळ आजारी पडण्याआधी त्याच्याकडे पाहत होती, हे तिचे वैशिष्ट्य.

आज काय आहे? तामिळनाडूत दोन वर्षांवरील मुलांना अंगणवाडी केंद्रात शिजवलेले जेवण मिळते. त्याखालील बाळांसाठी ‘सत्तु मावु’ हे पोषक पीठ घरी दिले जाते. म्हणजे सहा ते चोवीस महिने या सर्वांत नाजूक काळात पीठ घरी पोहोचते, बाळ मात्र केंद्रात पोहोचत नाही. ते शिजवून भरवण्याचा वेळ पुन्हा आईकडेच मागितला जातो. माता-बाल संरक्षण पत्रिकेत विकासाचे टप्पे चित्रांसह छापलेले असतात. परंतु काटा हातात असतो म्हणून वजन लिहिले जाते, आणि ‘बोलण्याकडे वळून पाहते का’ हे विचारायला कोणी बसायचे? फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मदोष, आजार, जीवनसत्त्वादींची कमतरता आणि विकासातील विलंब यांची तपासणी होते आणि जिल्हास्तरीय लवकर हस्तक्षेप केंद्रात पुढील उपचाराची सोय असते. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने शून्य ते तीन वयोगटासाठी ‘नवचेतना’ हा आराखडा आणला. त्यात खेळ, गप्पा, गाणी यांना कार्यक्रमाचा दर्जा मिळाला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे.

खेळ आणि गप्पांना आर्थिक मूल्य असते का, असा प्रश्न अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पडणे स्वाभाविक आहे. जमैकातील किंग्स्टन शहरात १९८० च्या दशकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी ९ ते २४ महिने वयाच्या १२९ खुरटलेल्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्याला तासभर जात, घरीच बनवलेली खेळणी वापरून आईला बाळाशी खेळायला शिकवत. हे दोन वर्षे चालले. वीस वर्षांनी पाहिले, तेव्हा या गटातील तरुणांची कमाई इतर खुरटलेल्या मुलांच्या गटाहून सुमारे २५ टक्के अधिक होती. इतका परतावा देणारी सार्वजनिक गुंतवणूक शोधावी लागेल.

वेळ कोणाचा, खर्च कोणाचा

२०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील स्त्रीला २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळाली आणि सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम राहिली. लावणीला जाणाऱ्या मजूर स्त्रीला रजा देणारा मालकच नाही. तिच्यासाठी तामिळनाडूत डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी यांच्या नावाची मातृत्व साहाय्य योजना आहे. पोषण संचांसह तिचे मूल्य १८ हजार रुपयांपर्यंत जाते. देशातील अनेक राज्यांच्या तुलनेत ही रक्कम चांगली आहे. तरीही ती प्रसूतीच्या आसपासचे दिवस सावरते, सहाव्या महिन्यानंतरचा हंगाम नव्हे.

वस्तीचा प्रश्न याहून जुना आहे. आंद्रे बेते यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी तंजावरमधील एका गावाचा अभ्यास केला, तेव्हा अग्रहार, शेतकऱ्यांची आळी आणि दलितांची चेरी अशा वेगवेगळ्या वस्त्या त्यांना आढळल्या. शेतमजुरांत मोठा वाटा चेरीतील कुटुंबांचा. १९६८ साली कीळवेण्मणी येथे ४४ जणांना जाळून मारले गेले, त्यामागे मजुरीचाच वाद होता. त्यानंतर मजुरीचे कायदे आले, परिस्थिती बदलली. पण अंगणवाडीची इमारत कोणत्या आळीत उभी राहते, यावर कोणते बाळ तेथे पोहोचते हे अजूनही ठरते. आपल्याकडे बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे दिवाळीच्या सुमारास निघतात, तेव्हा अंगणवाडी गावात राहते आणि बाळ फडात. अंतर वेगळे, अडचण तीच.

रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात, कामाच्या जागी सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील तर त्यांना सांभाळण्यासाठी एका स्त्रीची नेमणूक करण्याची तरतूद होती. खाजगी शेतातील लावणीला तशी तरतूद कधीच नव्हती. २०२२ पासून ‘पाळणा’ योजनेखाली अंगणवाडीलाच पाळणाघर जोडण्याची सोय झाली आहे. त्रिभुज प्रदेशात असे पाळणाघर वर्षभर सारख्या वेळी चालवण्यापेक्षा ते हंगामाप्रमाणे चालवणे अधिक उपयोगी पडेल. सप्टेंबर ते नोव्हेंबर आणि पुन्हा जानेवारीत ते पहाटे उघडावे, सहा महिन्यांवरील बाळे घ्यावीत आणि सत्तु मावु तेथेच शिजवून भरवावे. मेट्टूरचे पाणी सोडण्याची तारीख ठरते, त्याच बैठकीत या वेळाही ठरवता येतील. कोणत्या आठवड्यात कोठे लावणी होणार याचा अंदाज कृषी खात्याकडे असतो. त्या आठवड्यांत कोणती बाळे सहा महिने पूर्ण करणार आहेत, हे ग्राम आरोग्य परिचारिकेच्या नोंदवहीत लिहिलेले असते.